नव्या आवृत्तीत जुनी बटणे शोधत बसू नका

प्रश्न : मी एका हौशी गायनवृंदाची संचालिका आहे. वृंदासाठी चार आवाजांच्या रचना स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेषांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) उतरवणे, पियानोची साथ लिहिणे आणि प्रत्येक आवाजाचा वेगळा पार्ट छापणे ही कामे मी बरीच वर्षे एकाच सॉफ्टवेअरवर करत आले आहे. अलीकडेच मी त्याची नवी मोठी आवृत्ती घेतली आणि तेव्हापासून माझे काम जवळजवळ ठप्प झाले आहे. ओळखीचे मेनू नाहीसे झाले आहेत, उजवीकडची चौकट डावीकडे गेली आहे आणि शब्दांच्या जागी नुसती चिन्हे आली आहेत. ज्या कामाला एक संध्याकाळ पुरत असे, त्याला आता तीन संध्याकाळी लागतात. त्यातच काही जुन्या फाइल उघडल्या, तर ओळी भलत्याच ठिकाणी तुटलेल्या दिसल्या. पुढच्या कार्यक्रमाचे निम्मे पार्ट अजून व्हायचे आहेत. वृंदातला एक तरुण सहकारी म्हणतो, ‘दोन दिवसांत सवय होईल,’ आणि ते ऐकून मला अधिकच ओशाळल्यासारखे होते. मी जुन्या आवृत्तीवर परत जावे का? की एवीतेवी शिकायचेच आहे, तर सरळ दुसरे सॉफ्टवेअर घ्यावे?

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्यांची निकड सारखी नाही. कार्यक्रमाचे राहिलेले पार्ट ही आजची अडचण आहे, जुन्या फाइलमधल्या ओळी तुटणे हा खरा धोका आहे, आणि मेनू न सापडणे हा सर्वांत अधिक छळणारा, परंतु सर्वांत लवकर सुटणारा प्रश्न आहे. आपण पत्रात सॉफ्टवेअरचे नाव लिहिलेले नाही, तरीही त्याने फारसे अडत नाही, कारण म्यूझस्कोअर, सिबेलियस, डोरिको अशा स्वरलेखनाच्या बहुतेक सर्व प्रमुख सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांवर ही वेळ कधी ना कधी आलेली आहे.

आधी आजचे पाहू. ज्या कार्यक्रमाचे निम्मे पार्ट जुन्या आवृत्तीत तयार झाले आहेत, त्याचे उरलेले पार्टही जुन्याच आवृत्तीत पूर्ण करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच कार्यक्रमाच्या कागदांत दोन प्रकारचे अंतर, दोन प्रकारचे फाँट आणि दोन प्रकारची पानांची मोडणी असली, की तालमीत त्याचा त्रास गायकांना होतो. शिवाय मुदत डोक्यावर असताना शिकलेली गोष्ट घाईची असते. माणूस मार्ग समजून घेत नाही, कसाबसा पलीकडे पोहोचतो, आणि पुढे तीच आडवळणाची पद्धत अंगवळणी पडते. बहुतेक सॉफ्टवेअरच्या दोन मोठ्या आवृत्त्या एकाच संगणकावर शेजारी शेजारी नांदू शकतात. म्यूझस्कोअर ३ आणि म्यूझस्कोअर ४ तशा राहतात. त्यामुळे परत जाणे म्हणजे नवी आवृत्ती काढून टाकणे असे समजण्याचे कारण नाही.

येथे एक खबरदारी मात्र अत्यंत आवश्यक आहे. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुनी आवृत्ती सहसा उघडत नाही. म्यूझस्कोअर ४ मध्ये जतन केलेली फाइल म्यूझस्कोअर ३ ला वाचता येत नाही. सिबेलियसमध्ये मागील आवृत्तीच्या स्वरूपात निर्यात करण्याची सोय आहे, परंतु ती आठवणीने वापरावी लागते. म्हणून चालू कार्यक्रमाच्या सर्व फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि त्या फोल्डरमधली एकही फाइल नव्या आवृत्तीत उघडू नये. फाइलवर दोनदा क्लिक केल्यावर संगणक कोणती आवृत्ती उघडतो हेही एकदा तपासून घ्यावे, कारण नवी आवृत्ती बसवताना फाइल उघडण्याचा मान ती बहुधा स्वतःकडे घेते. या काळात आधी जुने सॉफ्टवेअर उघडून मग त्यातून फाइल उघडणे हीच सुरक्षित रीत आहे.

आता मेनूंविषयी. सिबेलियस ७ ही आवृत्ती २०११ मध्ये आली, तेव्हा वरच्या बाजूचे जुने मेनू जाऊन त्यांच्या जागी रिबन, म्हणजे टॅबमध्ये विभागलेली बटणांची रुंद पट्टी, आली. ‘क्रिएट’ नावाच्या एका मेनूतून सूरचिन्ह, तालचिन्ह, रेषा, मजकूर, चिन्हे असे जवळजवळ सगळे काही घेण्याची ज्यांना सवय होती, त्यांना तो मेनूच दिसेना. त्यातल्या वस्तू ‘नोटेशन्स’, ‘टेक्स्ट’ अशा वेगवेगळ्या टॅबमध्ये वाटल्या गेल्या होत्या आणि ‘हाउस स्टाइल’ मेनूतल्या बऱ्याच गोष्टी ‘अपिअरन्स’ टॅबमध्ये गेल्या होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये म्यूझस्कोअर ४ आले, तेव्हाही इंटरफेस नव्याने घडवलेला होता. आधीच्या आवृत्तीत उजव्या हाताला असलेला ‘इन्स्पेक्टर’ ‘प्रॉपर्टीज’ या नावाने डावीकडे आला, आणि पॅलेट (खुणा व चिन्हांचे संच), वाद्ये व प्रॉपर्टीज (निवडलेल्या वस्तूचे गुणधर्म) या तिन्ही चौकटी एकाच जागी टॅबच्या रूपाने बसल्या. आपल्या पत्रातले वर्णन यापैकी दुसऱ्या प्रसंगाशी अधिक जुळते, पण सल्ला दोन्हीकडे तोच लागू पडतो.

दोन्ही वेळी अनुभवी माणसांना नवशिक्यांपेक्षा अधिक त्रास झाला असणार, आणि त्यात नवल काही नाही. नवशिका स्क्रीनवरचे शब्द वाचून चालतो. आपण वाचणे केव्हाच सोडून दिलेले असते. डोळा नोटवर असताना हात आपोआप ठरलेल्या कोपऱ्याकडे जातो. नव्या घरात अंधारात दिव्याचे बटण जुन्याच भिंतीवर चाचपणारा हात तो हाच. आपल्याला सॉफ्टवेअर येत होते म्हणूनच आज अडखळायला होत आहे. सहकाऱ्याच्या ‘दोन दिवसां’चा हिशेब इथेच चुकतो, कारण त्याला नवे शिकायचे आहे आणि आपल्याला जुने मोडून नवे बसवायचे आहे.

नेमक्या याच कारणामुळे अनुभवी माणूस एक चुकीचा मार्ग धरतो. जुन्या मेनूतली प्रत्येक वस्तू मनाशी धरून ‘ती आता कुठे गेली’ असे तो विचारत जातो आणि नव्या स्क्रीनचा कानाकोपरा धुंडाळतो. यात दोन तोटे होतात. एक म्हणजे, नव्या मांडणीत काही वस्तू दुसरीकडे हललेल्या नसून त्यांची गरजच उरलेली नसते, आणि त्या शोधण्यात वेळ फुकट जातो. दुसरे म्हणजे, अशा शोधातून जे सापडते ते सुटेसुटे सापडते. ते कामाच्या ओघात न सापडल्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा विसरते. पहिल्या दिवशी एखादी तासाभराची प्रात्यक्षिक चित्रफीत बघून सगळे पॅनेल ओळखून घेण्याचाही पुष्कळांचा कल असतो. ती पाहिल्याने धीर येतो, हात मात्र होते तिथेच राहतात.

याऐवजी असे करावे. आपण पूर्वी लिहिलेले आणि आपल्याला तोंडपाठ असलेले एक पान निवडावे. ते फार सोपे नसावे. चार आवाज दोन स्टाफवर लिहिलेले, सुरुवातीला अपुरा बार (ज्यात पूर्ण मात्रा नसतात), खाली गीताचे शब्द, दोन-तीन स्लर (स्वर जोडणाऱ्या कमानी), आवाज वाढवण्याची म्हणजे क्रेशेंडोची एक खूण, एक रिहर्सल मार्क (तालमीत जागा सांगण्याची खूण) आणि शेवटी पुनरावृत्तीसाठी पहिला व दुसरा शेवट, एवढे असलेले सोळा बारांचे पान पुरेसे होते. ते छापील पान समोर ठेवून नव्या आवृत्तीत कोऱ्या पानापासून पुन्हा लिहावे. जुनी फाइल उघडून तिच्यात बदल करत बसू नये, कारण तिथे अवघड गोष्टी आधीच झालेल्या असतात आणि आपण त्या टाळतो.

हे पान लिहिताना काय होते ते थोडे जवळून पाहू. अपुऱ्या बाराचा प्रश्न पहिल्याच पायरीवर येतो आणि तो नवा स्कोअर (सर्व आवाजांची एकत्र प्रत) तयार करण्याच्या खिडकीतच तालचिन्हापाशी सुटतो. ही गोष्ट एकदा कळली, की पुढे मागाहून बार कापण्याची वेळ येत नाही. नंतर स्वर भरायचे. म्यूझस्कोअरमध्ये ‘एन’ दाबून स्वर भरणे सुरू होते, ‘५’ म्हणजे क्वार्टर नोट, ‘६’ म्हणजे हाफ नोट, आणि अक्षरांच्या कीने स्वर. हे तिसऱ्या आवृत्तीत होते तसेच चौथ्या आवृत्तीतही आहे. म्हणजे पानातले नव्वद टक्के काम जिथे होते, तिथे काहीही बदललेले नाही, हे आपल्याला पहिल्या दहा मिनिटांत कळते. शब्द भरायची वेळ आली, की पहिला स्वर निवडून ‘कंट्रोल’ आणि ‘एल’. शब्द संपला की स्पेस, शब्दाचा तुकडा संपला की जोडरेषा, आणि एकच अक्षर पुढच्या अनेक स्वरांवर लांबवायचे असेल तर अधोरेषा. हेही तसेच. स्लरसाठी पहिला ते शेवटचा स्वर निवडून ‘एस’, दांडी उलटी करण्यासाठी ‘एक्स’, रिहर्सल मार्कसाठी ‘कंट्रोल’ आणि ‘एम’. अडखळायला होते ते पहिल्या आणि दुसऱ्या शेवटाच्या कंसाशी, किंवा दुसऱ्या आवाजातल्या एखाद्या विरामाला लपवण्याशी, कारण ही कामे आपण माउसने करत होतो.

अशा अडखळण्याच्या जागा एका कागदावर लिहून ठेवाव्यात. माझा अंदाज असा आहे, की त्या यादीत पंधराहून अधिक नोंदी होणार नाहीत. स्क्रीनवर शेकडो बदल दिसत असले, तरी आपल्या कामाच्या वाटेत येणारे बदल एवढेच असतात, आणि शिकायचेही तेवढेच असते. प्रत्येक नोंदीपुढे नवी जागा लिहू नये. नवी की, म्हणजे कीबोर्डवरची कळ, लिहावी, आणि तशी कळ नसेल तर स्वतः ठरवून द्यावी. पसंतीच्या (प्रेफरन्सेस) खिडकीत शॉर्टकट नेमून देण्याची सोय या सर्वच सॉफ्टवेअरमध्ये आहे. जागा पुढच्या आवृत्तीत पुन्हा हलेल, पण की बहुधा हलत नाही. सिबेलियसचा ‘क्रिएट’ मेनू गेला, तरी रेषांसाठी ‘एल’, तालचिन्हासाठी ‘टी’, सूरचिन्हासाठी ‘के’, क्लेफसाठी ‘क्यू’ आणि चिन्हांसाठी ‘झेड’ या कळा पूर्वीप्रमाणेच चालू राहिल्या, आणि ज्यांचे हात या कळांवर होते त्यांना मेनू गेल्याचे दुःख तुलनेने कमी झाले. इंटरफेस बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. मेनूची रचना बदलण्याचे धाडस ते करतात, पण स्लरचा ‘एस’ हलवण्याच्या वाटेला सहसा जात नाहीत.

चिन्हांखाली शब्द नाहीत ही आपली तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते. नव्या मांडणीचा तो एक खरा दोष आहे, आणि तो सौंदर्यदृष्टीच्या नावाखाली खपवला जातो. त्यावर उपाय एवढाच, की माउसचा बाण चिन्हावर क्षणभर स्थिर ठेवावा. चिन्हाचे नाव येते, आणि त्याला की असेल तर बहुधा तीही दिसते. क्लिक करण्याआधी एक क्षण थांबून ती की वाचण्याची शिस्त पहिला आठवडाभर पाळली, तर चिन्ह ओळखण्याची गरजच हळूहळू कमी होते. त्याचबरोबर शोधपेटीचा निःसंकोच वापर करावा. पॅलेट शोधण्यासाठी म्यूझस्कोअरमध्ये ‘कंट्रोल’ आणि ‘एफ ९’ दाबता येते. सिबेलियसच्या रिबनमध्ये शोधपेटी आहे. २०२२ मध्ये आलेल्या डोरिको ४ पासून ‘जे’ दाबले, की एक पट्टी उघडते आणि तीत हव्या त्या आज्ञेचे नाव टाइप करता येते. अनुभवी माणसांना शोधपेटीत नाव टाइप करणे कमीपणाचे वाटते, असे मी पाहिले आहे. तसे वाटण्याचे कारण नाही. ज्याला ‘फर्माटा’ (स्वर लांबवण्याची खूण) हे नाव ठाऊक आहे, त्याने ते कोणत्या खणात ठेवले आहे हे लक्षात ठेवण्याची सक्ती का असावी?

स्क्रीनची मांडणीही आपल्या सोयीने बदलून घ्यावी, परंतु ती पहिल्याच दिवशी बदलू नये. वरील पान लिहून झाल्यावर आपल्याला काय लागते आणि काय लागत नाही ते ठाऊक झालेले असते. म्यूझस्कोअर ४ मध्ये डावीकडे टॅबमध्ये असलेली ‘प्रॉपर्टीज’ची चौकट ओढून उजवीकडे नेता येते आणि तिथेच चिकटवता येते, म्हणजे पॅलेट आणि गुणधर्म दोन्ही एकाच वेळी दिसतात, जुन्या सवयीच्या माणसाला एवढ्या एका बदलानेच पुष्कळ हायसे वाटते. ‘एफ ९’ने पॅलेट, ‘एफ ८’ने प्रॉपर्टीज, ‘एफ ७’ने वाद्ये आणि ‘एफ १०’ने मिक्सर उघडतो व मिटतो. पॅलेटमधले जे गट आपण कधीच वापरत नाही ते सरळ काढून टाकावेत. गायनवृंदाच्या कामात गिटारच्या फ्रेटचे चित्र किंवा हार्पच्या पेडलची आकृती रोज डोळ्यांसमोर कशाला हवी? ते सॉफ्टवेअरमधून नष्ट होत नाहीत, हवे तेव्हा परत आणता येतात. अक्षरांचा आकार आणि रंगसंगती बदलण्याची सोय पसंतीच्या खिडकीत असते. दिवसभर त्रास देणारी गोष्ट पुष्कळदा बारीक अक्षर एवढीच असते, आणि दोष मात्र आपण स्वतःच्या समजेला देत राहतो.

आता ज्याला मी खरा धोका म्हटले, त्याकडे वळतो. जुन्या फाइलमधल्या ओळी दुसरीकडे तुटण्याचे कारण असे, की स्वरलेखनाच्या फाइलमध्ये पानाचे चित्र साठवलेले नसते. फाइलमध्ये स्वर, त्यांचा कालावधी, शब्द, खुणा आणि मुद्दाम घातलेले ओळभंग एवढेच असते. एका ओळीत किती बार बसतील हे सॉफ्टवेअर उघडताना नव्याने ठरवते. स्वरांमधले आडवे अंतर मोजण्याची रीत नव्या आवृत्तीत बदलली, की पूर्वी जेमतेम मावणारा पाचवा बार पुढच्या ओळीत जातो, त्यामुळे ओळी वाढतात, त्यामुळे पाने वाढतात, आणि ज्या जागी पियानोवादकाला पान उलटायला विराम मिळत होता, तिथे आता दोन्ही हातांना काम असते. म्यूझस्कोअर ४ मध्ये हे अंतर मोजणारी यंत्रणा नवी आहे, आणि स्लर व टाय (एकाच स्वराच्या दोन नोटा जोडणारी कमान) यांचे आकारही सुधारलेले आहेत. पान सहसा आधीपेक्षा देखणे दिसते, हे मान्य करायलाच हवे. पण तालमीत ‘तिसऱ्या पानावरची दुसरी ओळ’ असे सांगणाऱ्या संचालिकेला देखणेपणापेक्षा पाने जुळणे महत्त्वाचे असते, आणि अर्ध्या गायकांच्या हातात जुने छापील पार्ट असतील तर गोंधळ ठरलेला.

म्हणून जुना संग्रह एका झपाट्यात नव्या आवृत्तीत नेऊ नये. जुनी आवृत्ती संगणकावर आहे तोवर त्यातून प्रत्येक महत्त्वाच्या रचनेची पीडीएफ काढावी, स्कोअरची आणि पार्टचीही. ही पीडीएफ पुढे कितीही वर्षांनी जशीच्या तशी उघडेल आणि छापता येईल. ज्या रचनांमध्ये काही बदल करायचा नाही, त्यांच्यासाठी एवढे पुरेसे आहे. दुसरी प्रत म्यूझिकएक्सएमएल स्वरूपात काढावी. हे स्वरूप कोणत्याही एका सॉफ्टवेअरला बांधलेले नाही. त्याची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली आणि २०१५ पासून त्याची देखभाल डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या जागतिक संस्थेच्या समुदाय-गटाकडे आहे. त्यातून स्वर, शब्द आणि बहुतेक खुणा सुखरूप जातात, पानाची बारीक रचना मात्र तंतोतंत जात नाही. त्यामुळे म्यूझिकएक्सएमएल हा विमा समजावा. नव्या आवृत्तीत फाइल नेताना मूळ फाइलच उघडावी, तिची प्रत करून.

ज्या रचना पुन्हा वापरायच्या आणि बदलायच्या आहेत, त्या एकेक करून, गरज पडेल तेव्हा न्याव्यात. जुनी पीडीएफ शेजारी उघडी ठेवावी आणि प्रत्येक ओळीचा पहिला बार कोणता आहे एवढेच प्रथम पाहावे. तो जुळत नसेल तर पीडीएफप्रमाणे ओळभंग घालावेत. सॉफ्टवेअरमध्ये ओळी जखडून ठेवण्याची आज्ञा असते, ती लावली की पुढे एखादा शब्द बदलल्यावर संपूर्ण पान हलत नाही. बार मावतच नसतील, तर स्टाफचा आकार किंचित लहान करण्याआधी स्वरांमधल्या अंतराचे प्रमाण थोडे कमी करून पाहावे, कारण वृंदातल्या गायकांना लहान झालेले शब्द लगेच जाणवतात, दाटलेले स्वर तितके जाणवत नाहीत. त्यानंतर हाताने सरकवलेल्या वस्तू तपासाव्यात. पूर्वी आपण एखादी खूण शब्दांवर आदळत होती म्हणून वर ओढून ठेवली असेल, तर नवी आवृत्ती ती टक्कर स्वतःच टाळते आणि त्यावर आपली जुनी ओढही लागू करते. मग ती खूण उगाचच हवेत लटकते. अशा वेळी तिला पुन्हा हाताने खाली ओढू नये. तिच्या जागेला मूळ स्थितीवर आणण्याची आज्ञा द्यावी आणि मग काय दिसते ते पाहावे. माझ्या अनुभवात दहापैकी आठ ठिकाणी काही करावेच लागत नाही.

ध्वनीविषयी थोडक्यात. नव्या आवृत्तीची जाहिरात बहुधा तिच्या आवाजांवर केलेली असते, आणि म्यूझस्कोअर ४ चे नवे आवाज खरोखरच चांगले आहेत. परंतु ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात आणि संगणकाची बरीच स्मृती खातात. कागदावर छापल्या जाणाऱ्या एकाही बिंदूवर त्यांचा परिणाम होत नाही, म्हणून मिक्सर शिकण्याचे काम शेवटी ठेवावे. जुने प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडलेली छोटी पूरक साधने) मात्र आधी तपासावेत. तिसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेले पुष्कळ प्लगइन चौथ्या आवृत्तीत तसेच चालत नाहीत. आपण एखाद्या प्लगइनवर नित्य अवलंबून असाल, तर त्याची नवी प्रत मिळेपर्यंत ते काम जुन्या आवृत्तीत करणे भाग आहे.

राहिला दुसरे सॉफ्टवेअर घेण्याचा प्रश्न. आज मनःस्ताप झाला आहे म्हणून ते घेऊ नये, असेच मी सांगेन. मेनू हलले म्हणून आपल्याला परके वाटत आहे. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेनूबरोबर कळाही हलतील. क्वार्टर नोटसाठी म्यूझस्कोअरमध्ये ‘५’ आहे, सिबेलियसच्या कीपॅडवर ‘४’ आणि डोरिकोमध्ये ‘६’. एका अंकाचा हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण वेगाने लिहिणाऱ्या हाताला तो पानोपानी नडतो, आणि प्रत्येक ओळीत दुप्पट किंवा निम्म्या लांबीचे स्वर पडत राहतात. डोरिकोमध्ये तर विचार करण्याची पद्धतच वेगळी आहे. तिथे स्कोअरची मांडणी, लेखन, अक्षरजुळणीसारखी बारीक सजावट, वादन आणि छपाई यांच्यासाठी वेगवेगळे मोड आहेत, आणि लेखनाच्या मोडमध्ये असताना एखादी खूण माउसने हवी तशी सरकवता येत नाही. पुष्कळ जण तिथे गेल्यावर समाधानी आहेत. पण ते काम निवांत वेळी, स्वतंत्र निर्णय म्हणून करायचे आहे.

फिनाले या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांना असा निवांतपणा मिळाला नाही. १९८८ मध्ये पहिल्यांदा आलेले ते सॉफ्टवेअर. त्याचा पुढील विकास थांबवत असल्याचे निर्मात्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले. दशकानुदशके साचत गेलेला प्रचंड कोड आणि सतत बदलणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम यांमुळे नवी सुधारणा करणे उत्तरोत्तर कठीण होत गेले, असे कारण त्यांनी दिले. आपल्या सॉफ्टवेअरचा इंटरफेस कोणीतरी अजून बदलत आहे, याचा एक अर्थ असाही होतो, की ते सांभाळणारे कोणीतरी आहे. पण जुन्या आवृत्तीवर कायमचे थांबण्याचा सल्लाही मी देत नाही; ऑपरेटिंग सिस्टीम बदलत राहते आणि एक दिवस जुनी आवृत्ती उघडायचीच नाही, बहुधा एखाद्या कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात.

तेव्हा क्रम असा धरावा. कार्यक्रम होईपर्यंत जुनी आवृत्ती, फाइलच्या प्रती वेगळ्या ठेवून. त्याच काळात, कार्यक्रमाशी संबंध नसलेले ते सोळा बारांचे पान नव्या आवृत्तीत लिहून पाहावे. एका बैठकीत पूर्ण झाले नाही तरी चालेल, मात्र दुसऱ्या बैठकीत पुन्हा कोऱ्या पानापासून सुरुवात करावी. कार्यक्रमानंतरची पहिली नवी रचना, शक्यतो लहान आणि मुदतीची घाई नसलेली, पूर्णपणे नव्या आवृत्तीत करावी, आणि ती करताना जमलेली पानाची मापे, फाँट व मोडणी साचा म्हणून जतन करून ठेवावी, म्हणजे पुढच्या रचनेला तीच बैठक मिळेल. आपल्या सहकाऱ्याला ‘सवय किती दिवसांत होईल’ हे न विचारता, पहिल्या-दुसऱ्या शेवटाचा कंस घालण्याची की कोणती एवढेच विचारावे. तो आनंदाने सांगेल, किंवा त्यालाही ठाऊक नसेल आणि तो शोधून काढेल. जुनी आवृत्ती इतक्यात काढून टाकू नये. नव्या आवृत्तीत केलेली एखादी रचना तालमीत गाऊन, दुरुस्त्या होऊन, पुन्हा छापून झाली आणि जुन्या संग्रहाच्या पीडीएफ दोन वेगळ्या ठिकाणी ठेवून झाल्या, की मग ती काढायला हरकत नाही.